कॉन्सुलर खिडकीमागचं काम: परराष्ट्र सेवेत जाऊ पाहणाऱ्या सीमाभागातल्या मुलामुलींसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून दुबई, मस्कत, दोहा, कुवेतला गेलेला माणूस अडचणीत सापडला की तो भारत सरकारच्या ज्या माणसासमोर पहिल्यांदा उभा राहतो, तो राजदूत नसतो. तो असतो कॉन्सुलर विभागातला, म्हणजे परदेशातल्या आपल्या नागरिकांची कामं पाहणाऱ्या विभागातला, एखादा कनिष्ठ अधिकारी. असिस्टंट, अटॅची, व्हाइस कॉन्सल, थर्ड सेक्रेटरी, हुद्दा कुठलाही असो. पासपोर्ट हरवला, मालकाने पगार अडवला, पोलिसांनी उचललं, खोलीतला जोडीदार रात्रीत गेला, तर फाइल उघडली जाते याच माणसाच्या टेबलावर. आपल्याकडची मुलं या नोकरीकडे फारशी वळत नाहीत. डीसी (जिल्हाधिकारी), एसपी व्हायचं स्वप्न घरोघरी असतं, कॉन्सुलर विभागाचं नावही अनेकांनी ऐकलेलं नसतं. या कामाला लागणारी एक गोष्ट, दोन-तीन भाषा आणि लिप्यांत वावरण्याची सवय, आपल्या मुलांकडे लहानपणापासून असते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली पायरी: दूतावास कुठला, वाणिज्य दूतावास कुठला, हे पक्कं करा

राजधानीत असतो तो दूतावास. दोन सरकारांमधला राजकीय व्यवहार तिथून चालतो. राजधानीबाहेरच्या मोठ्या शहरात असतो तो वाणिज्य दूतावास, म्हणजे कॉन्सुलेट. संयुक्त अरब अमिरातीत भारताचा दूतावास अबुधाबीत आणि वाणिज्य दूतावास दुबईत आहे, सौदीत दूतावास रियाधला आणि वाणिज्य दूतावास जेद्दाहला. ओमान, कतार, कुवेतमध्ये दूतावासातच कॉन्सुलर विभाग असतो.

प्रत्येक वाणिज्य दूतावासाला ठरलेलं कार्यक्षेत्र असतं. हे समजायला आपल्याकडचंच उदाहरण पुरे. अमेरिकेच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या क्षेत्रात महाराष्ट्र आणि गोवा येतात, कर्नाटक मात्र आजवर चेन्नईच्या क्षेत्रात राहिलं. म्हणजे राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कागलचा माणूस एका कार्यालयाचा आणि निपाणीचा दुसऱ्या. भारताची परदेशातली कार्यालयंही अशीच क्षेत्रं वाटून घेतात. अडचणीतल्या माणसाचा फोन आला की पहिला प्रश्न म्हणूनच 'तुम्ही आत्ता कुठल्या गावात आहात?' हा असतो.

कायद्याचा पाया दोन करारांचा. राजनैतिक संबंधांबद्दलचा व्हिएन्ना करार १९६१ चा, वाणिज्य दूतांबद्दलचा १९६३ चा. दुसरा करार नवख्याने मुळातून वाचावा, निदान कलम ५ आणि कलम ३६ तरी. कलम ५ मध्ये वाणिज्य दूताची कामं दिली आहेत: आपल्या नागरिकांच्या हिताचं रक्षण, पासपोर्ट आणि व्हिसा देणं, नोटरी आणि नोंदणीची कामं, वारसाहक्कात नागरिकांचे हित जपणं, अल्पवयीन मुलांचे हित पाहणं. कलम ३६ बद्दल पुढे येईलच.

याच करारात तुमच्या स्वतःच्या संरक्षणाची मर्यादाही लिहिलेली आहे, आणि ती अनेकांना ठाऊक नसते. राजनैतिक अधिकाऱ्याला तिथल्या कायद्याच्या कारवाईतून जवळजवळ पूर्ण सूट असते. वाणिज्य दूताला न्यायालयीन कारवाईतून सूट मिळते ती सरकारी कामात केलेल्या कृतींपुरतीच, आणि गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर न्यायालयाच्या आदेशाने त्याला अटकही होऊ शकते. २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूतांना अटक झाली तेव्हा सारा वाद या फरकाभोवती फिरला होता. परदेशात घरकामाला माणूस ठेवणं, गाडी चालवणं, घर भाड्याने घेणं, सगळं तिथल्या कायद्याने करायचं. पदाची सावली तुमच्या खासगी व्यवहारावर पडत नाही.

दुसरी पायरी: वाट निवडा

वाटा मुख्यतः दोन.

एक, केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा. वय २१ ते ३२, खुल्या गटाला ६ संधी, इतर मागासवर्गाला ३५ वर्षांपर्यंत ९ संधी, अनुसूचित जाती-जमातींना ३७ वर्षांपर्यंत संधींची मर्यादा नाही. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: मुख्य परीक्षेचे पेपर मराठीत लिहिता येतात, मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो, आणि त्यासाठी महाराष्ट्राचा रहिवासी असावं लागत नाही. मराठी आठव्या अनुसूचीतली भाषा आहे, एवढं पुरतं. कर्नाटकात राहतो म्हणून कन्नडच घ्यावी लागेल हा गैरसमज अजूनही कानावर येतो. पूर्वपरीक्षेला आपल्याकडच्या मुलांना धारवाड केंद्र जवळ पडतं.

निवड झाल्यावर मसुरीला पायाभूत प्रशिक्षण, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत पुढचं. त्यानंतर एक परकीय भाषा नेमून दिली जाते आणि ती बोलली जाते अशा देशात थर्ड सेक्रेटरी म्हणून पहिली नेमणूक होते. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही.

दुसरी वाट कर्मचारी निवड आयोगाची, म्हणजे एसएससीची सीजीएल परीक्षा. तीत परराष्ट्र मंत्रालयातल्या असिस्टंट सेक्शन ऑफिसरची पदं असतात. कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय २० ते ३०, सातव्या वेतन आयोगाच्या सातव्या स्तरावर मूळ पगार ४४,९०० पासून. ही परराष्ट्र सेवेची ब शाखा. काही वर्षं दिल्लीत, मग परदेशी कार्यालयात, पुन्हा दिल्ली, असं चक्र चालतं. कॉन्सुलर विभागाचा रोजचा गाडा बऱ्याच अंशी याच शाखेच्या खांद्यावर असतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, त्यामुळे मराठी शाळेतून आलेल्यांनी इंग्रजी वाचनाचा वेग कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनच वाढवावा. माझं स्पष्ट मत विचाराल तर पदवी झालेल्या, घरी पगाराची गरज असलेल्या मुलाने ही वाट आधी पाहावी. नोकरीत राहून नागरी सेवा परीक्षा देणारे पुष्कळ आहेत.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर ज्ञानेश्वर मुळे यांचं घ्या. शिरोळ तालुक्यातलं अब्दुललाट हे त्यांचं गाव, आपल्या सीमेला लागून. १९८३ च्या तुकडीचे परराष्ट्र सेवा अधिकारी, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत, आणि शेवटी मंत्रालयात पासपोर्ट आणि कॉन्सुलर कामकाजाचे सचिव. पोस्ट ऑफिसात पासपोर्ट सेवा केंद्रं उघडण्याची मोहीम त्यांच्याच काळातली. २०१७ च्या जानेवारीत म्हैसूर आणि दाहोदला सुरुवात झाली आणि पुढे बेळगावलाही केंद्र आलं. पूर्वी आपल्याला हुबळी गाठावी लागायची.

तिसरी पायरी: मुलाखतीत सीमाप्रश्न येणारच, असं धरून चला

अर्जावर जन्मगाव बेळगाव आणि माध्यम मराठी दिसलं की मुलाखत मंडळातला कुणीतरी विचारतोच. तारखा पाठ असू द्या: १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग आणि त्याचा १९६७ चा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. दोन्ही राज्यांची बाजू तेवढ्याच नेटाने मांडता यायला हवी. हे पाठांतराने जमत नाही. 'तरुण भारत' वाचता तसं एखादं कन्नड दैनिकही रोज वाचा, म्हणजे समोरच्या घरात या विषयावर काय बोललं जातं ते कळेल. दुसऱ्याच्या सरकारचं म्हणणं शांतपणे ऐकून, त्यात आपलं मत न मिसळता दिल्लीला कळवणं हे पुढे आयुष्यभर करायचं काम आहे. मंडळ नेमकं तेच तपासतं.

चौथी पायरी: पहिल्या महिन्यात वाचायचे कायदे

पासपोर्ट कायदा १९६७, नागरिकत्व कायदा १९५५, शपथ आणि शुल्काबद्दलचा १९४८ चा कायदा, विदेशी विवाह कायदा १९६९, उत्प्रवास कायदा १९८३. सगळे तोंडपाठ नकोत, पण काही तरतुदी रात्री दोनलाही आठवायला हव्यात.

पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, हे १९६७ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मालकाने कामगाराचा पासपोर्ट ताब्यात ठेवला असेल तर बोलणं इथूनच सुरू करा.

परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय कार्यालयात व्हावी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. 'गावी गेल्यावर करू' म्हणणारे जोडपे दिसलं की त्याच दिवशी अर्ज भरून घ्या.

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक असल्याचा शेरा, असतो आणि आखातातल्या देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना त्याला उत्प्रवास परवाना लागतो. नोंदणीकृत एजंटने घ्यायची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापुढे नाही. व्हिजिट व्हिसावर कामाला गेलेला माणूस या व्यवस्थेच्या बाहेर पडतो. त्याचा करार नोंदलेला नसतो, विमा नसतो, आणि तक्रारीला कागद नसतो. मदत त्यालाही करायचीच असते, फक्त ती फार लांबते.

पाचवी पायरी: खिडकीवर बसणं

पासपोर्ट आणि व्हिसाचे अर्ज स्वीकारण्याचं काम बऱ्याच देशांत बाहेरच्या कंपनीकडे असतं. तरी निर्णय, सही आणि शिक्का अधिकाऱ्याचाच. इथेच सीमाभागातल्या माणसाचं खरं बळ कामाला येतं.

आपण दोन-तीन लिप्यांत वाढतो. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, बँकेचं पासबुक इंग्रजीत. एकच नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी आलेलं आपल्याला नवं नाही. मराठी शाळेतून आलेला ज्ञानेश्वर इंग्रजीत 'डी'ने सुरू होतो, आणि त्याच्याच भावाच्या कागदावर कन्नड वळणाने 'जे'ने. वडिलांच्या जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान बेलगाम असतं, मुलाच्या दाखल्यावर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदललं. ही पार्श्वभूमी माहीत नसलेला अधिकारी 'कागद जुळत नाहीत' असा शेरा मारून अर्ज परत करतो आणि एका कामगाराची एका दिवसाची हजेरी बुडते. तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही नीट पाहाल. आणि हेच डोळे केरळच्या, बिहारच्या, तेलंगणाच्या कागदांकडे वळवायचे: प्रत्येक भागाच्या कागदाला त्याचा इतिहास असतो, तो विचारून घ्या.

एक काम जवळून पाहू. खानापूर तालुक्यातला एकजण दुबईत सुतारकामाला आहे. वडील वारले, चार भावंडांत शेताची वाटणी करायची आहे, आणि त्याला बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र द्यायचं आहे. वकिलाने गावाकडून व्हॉट्सॲपवर मसुदा पाठवलाय. तो घरूनच सही करून आलाय. इथे थांबा. सही तुमच्यासमोर व्हायला हवी. त्याला नवी प्रत काढायला सांगा, पासपोर्टवरचा फोटो आणि चेहरा पाहा, मग एक साधा प्रश्न विचारा: 'हा कागद कशाचा आहे, मला सांगा.' त्याने 'वाटणीचा' म्हटलं आणि मसुद्यात विक्रीचाही अधिकार लिहिलेला दिसला, तर बोट ठेवून त्याला ती ओळ दाखवा. तुम्ही प्रमाणित करता ती ओळख आणि सही, मजकूर नव्हे. त्याने काय लिहून द्यावं हे ठरवणं तुमचं काम नाही. पण आपण काय लिहून देतोय ते त्याला कळलंय का, एवढं विचारण्याला कुठलाही नियम आडवा येत नाही. शेवटी त्याला सांगा की हा कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, नाहीतर सब-रजिस्ट्रारकडे खोळंबा होईल. हे शेवटचं वाक्य सांगायला अर्धं मिनिट लागतं.

भाषेबद्दल एक कळकळीची गोष्ट. समजत नसलेल्या भाषेतला फॉर्म हातात घेऊन सरकारी खिडकीसमोर उभं राहणं काय असतं, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांनी ते अनुभवलंय. तुम्ही खिडकीच्या आत बसाल तेव्हा बाहेर अथणीचा कन्नड बोलणारा गवंडी असेल, कारवारचा कोकणी खलाशी असेल, मलबारचा दुकानदार असेल. येत असेल त्या भाषेत बोला. कन्नड येत असून हिंदी रेटू नका. येत नसेल तर बाकावरच्या एखाद्याला दुभाषा करा, मात्र पगार, आजार, घरचं भांडण अशा खासगी गोष्टी त्याच्यासमोर बोलू नका. त्या बाकावर सीमाप्रश्न नसतो. तिथे सगळे भारताचे नागरिक असतात आणि सगळ्यांचा सुटीचा वार एकच असतो.

सहावी पायरी: अटकेचा फोन

कलम ३६ सांगतं की परदेशी नागरिकाला अटक झाली तर त्याच्या देशाच्या वाणिज्य दूताला कळवण्याचा त्याचा हक्क त्याला विनाविलंब सांगितला गेला पाहिजे, आणि त्याने मागणी केली तर कळवलंही गेलं पाहिजे. वाणिज्य दूताला त्याला भेटण्याचा, त्याच्याशी पत्रव्यवहार करण्याचा आणि वकिलाची सोय पाहण्याचा अधिकार आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने हे कलम मोडल्याचा निकाल दिला. अटकेनंतर भारताला कळवायला तीन आठवडे लावले गेले, हाही त्यातला एक मुद्दा होता. नवख्याने तो निकाल वाचावाच.

तुरुंगभेटीला जाताना वही, पेन, भाषांतर केलेली हक्कांची माहिती आणि घरच्यांचा नंबर सोबत घ्या. विचारायचं ते हे: मारहाण झाली का, औषधं मिळतात का, कुठल्या भाषेतल्या कागदावर सही घेतली, पुढची तारीख कधी, घरी काय सांगू. शेवटचा प्रश्न विसरू नका. कित्येकांना घरी खरं कळू द्यायचं नसतं आणि तो त्यांचा निर्णय आहे.

काय करता येणार नाही तेही पहिल्याच भेटीत सांगा. तुम्ही त्याला सोडवू शकत नाही, त्याचे वकील होऊ शकत नाही, तिथल्या न्यायाधीशाला शिफारस करू शकत नाही. 'बघतो, करतो' हे दोन शब्द कॉन्सुलर कामात फार नुकसान करतात. आई गावी त्या दोन शब्दांवर सहा महिने काढते आणि त्यादरम्यान वकिलाकडे कुणी जात नाही. नाही म्हणायचं असेल तर आजच म्हणा, आणि मग जे होऊ शकतं त्याची यादी हातात द्या.

सातवी पायरी: मृत्यू

आखातातल्या कार्यालयात हे काम आठवड्यातून अनेकदा येऊ शकतं. क्रम साधारण असा: इस्पितळाचा किंवा पोलिसांचा अहवाल, स्थानिक मृत्यू दाखला, घरच्यांचं संमतिपत्र, पासपोर्ट रद्द करणं, दूतावासाचं ना-हरकत पत्र, एम्बाल्मिंगचा (शव टिकवण्याच्या प्रक्रियेचा) दाखला, मग विमान कंपनीकडे बुकिंग. मृत्यू संशयास्पद किंवा कामाच्या जागी झालेला असेल तर चौकशी संपेपर्यंत थांबावं लागतं. खर्च मालकाने उचलायचा असतो. तो टाळत असेल आणि कुटुंबाची ऐपत नसेल तर २००९ पासून असलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून तो करता येतो. निधी आहे हे कुटुंबाला ठाऊक नसतं, म्हणून त्यांनी मागण्याची वाट पाहू नका.

फोन कुणाला करायचा हे आधी ठरवा. पत्नीला थेट करण्याआधी भाऊ, दीर किंवा गावातला कुणी जाणता माणूस गाठा. सरळ, छोट्या वाक्यांत सांगा. 'काहीतरी झालंय, तब्येत बरी नाही' असं अर्धवट बोललात तर दिवसभर घरचे इस्पितळाचा नंबर मागत राहतील. पलीकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: 'साहेब, कधी आणणार वो?' तारीख नक्की नसेल तर तारीख देऊ नका. त्याऐवजी आज कुठला कागद झाला आणि उद्या कुठला होईल ते सांगा, आणि उद्या ठरलेल्या वेळी फोन करा, नवीन काही घडलेलं नसलं तरी. शव गोव्याला उतरणार की मुंबईला, हे लवकर कळवा. तिथून गाडीची सोय घरच्यांना करायची असते आणि पावसाळ्यात गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाचा भरवसा नसतो.

माती झाल्यावर फाइल बंद होत नाही. थकलेला पगार, सेवेची देणी, विमा, नुकसानभरपाई बाकी असते. उत्प्रवास परवान्यावर गेलेल्याचा प्रवासी भारतीय विमा असतो आणि अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण मिळतं. वारस ठरवायला तहसीलदारांकडचा वारसा दाखला लागतो आणि भरपाईची रक्कम बहुधा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे आपल्या भाषेत डीसी ऑफिसमधून, कुटुंबाकडे जाते. हा पत्रव्यवहार महिनोन्‌महिने चालतो आणि यात कुणी पाठपुरावा केला नाही तर पैसे कुठल्यातरी टेबलावर पडून राहतात.

आठवी पायरी: गाववाले

नेमणूक झाल्याची बातमी गावात पोहोचायला एक दिवस पुरतो. मग मावसभावाच्या मित्राचा व्हिसा, कुणाचा रांगेबाहेरचा अर्ज, कुणाच्या दोस्ताला 'फक्त एक फोन' सुरू होतं. रागावू नका, ती माणसं दुसऱ्या कुणाला ओळखत नाहीत. त्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार कशी नोंदवायची ते शिकवा. २०१५ पासून ते सुरू आहे, आणि तिथे नोंद झालेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो, ती कुणाला गुपचूप बाजूला सारता येत नाही. भेटवस्तू नको, कोऱ्या कागदावर सही नको, अर्जदाराचा नंबर स्वतःच्या खासगी फोनवर साठवून ठेवणं नको. गावच्या माणसाचा अर्ज तुमच्याकडे आला तर तो सहकाऱ्याकडे द्या आणि तसं फाइलवर लिहा.

नववी पायरी: बदली

परदेशातली नेमणूक साधारण तीन वर्षांची. तुरुंगातल्या माणसाची शिक्षा त्याहून मोठी असू शकते. म्हणून हस्तांतराची टिप्पणी शेवटच्या आठवड्यात घाईने लिहू नका, पहिल्या दिवसापासून वाढवत न्या. कोण कुठल्या तुरुंगात, शेवटची भेट कधी, पुढची सुनावणी कधी, वकील कोण, घरी कुणाशी बोलायचं आणि कुठल्या भाषेत, घरी काय सांगितलंय आणि काय सांगायचं नाही. भरपाईच्या प्रत्येक प्रकरणात शेवटचं पत्र कुणाला गेलं आणि उत्तर आलं का. नव्या अधिकाऱ्याला शेजारी बसवून प्रत्येक कुटुंबाला एक फोन करा आणि त्याच फोनवर त्याची ओळख करून द्या, म्हणजे निपाणीच्या त्या आईला आपल्या मुलाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.